खिळ्यांच्या कारखान्यातली बोली

आधीच सांगून ठेवते, आमचे हे कुणावर ओरडत नाहीत. त्यांचा आवाजच तेवढा आहे. अर्धा जन्म खिळ्यांच्या कारखान्यात काढा आणि मग माझ्याशी हळू बोलून दाखवा.

खिळा कसा होतो ठाऊक आहे का? जाड तार एका बाजूनं मशीनमध्ये शिरते. मशीन तिला दातात धरतं, एक ठोसा घालून डोकं चपटं करतं, दुसऱ्या ठोशात टोक काढतं आणि तोडतं. खिळा खाली. लगेच दुसरा, लगेच तिसरा. असं एक मशीन तुमच्या घरात लावलं तर भिंतीचा गिलावा गळून पडेल. आमच्याकडे एका छपराखाली दोन रांगा भरून होती. हे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे. ठोसा कुठं बसायचा, टोक किती निघायचं, ते त्यांनी जुळवायचं. मी निवडीच्या टेबलावर. वाकडा खिळा दिसला की बाजूला.

त्या गोंगाटात घसा फोडून काही उपयोग नसायचा. म्हणून आम्ही सगळे ओठांवरून बोलायचो. आवाज काढायचाच नाही, ओठ तेवढे नीट हलवायचे. समोरचा हॉलच्या त्या टोकाला असला तरी वाचतो. शिवाय हाताच्या खुणा. बोट गोल फिरवलं की मशीन चालू ठेव. तळहात आडवा छातीसमोरून सपकन नेला की मशीन बंद. नव्या माणसाला ही बोली यायला वर्ष लागायचं आणि एकदा आली की जन्मभर जायची नाही.

आमचं लग्नही त्याच बोलीत ठरलं. मी टेबलाशी, हे चार मशीनं सोडून. मान वर केली तर हे बघताहेत. ओठ हलले, "घर नाही, शिल्लक नाही. चालेल का?" माझ्या हातातले खिळे तिथंच राहिले. मी म्हटलं, "चालेल. पण आधी मागं बघा, तार तुटलीय." ह्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो त्या संध्याकाळी गेटबाहेर. त्यांनी मला हाक मारली आणि मला वाटलं, बाई गं, हा माणूस भांडायला आलाय!

तो कारखाना बंद होऊन आता तिसरं वर्ष. मालकानं जागा विकली. तिथं आता गाड्या धुतात.

पहिल्या वर्षी आम्हाला वाटायचं, हातात कसब आहे, आज ना उद्या मिळेल. हे मिळेल तिथं गेले. एका हार्डवेअरच्या दुकानात विक्रीच्या कामाला ठेवलं, तर पहिल्याच सकाळी गिऱ्हाइकाला "काय पाहिजे?" असं विचारलं आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरून निघून गेलं. गोदामात गेले, तिथला साहेब म्हणाला, "काका, दम कुणाला देताय?" आणि एका ऑफिसात तर कहरच झाला. समोरच्या बाईंनी तक्रार केली की हा माणूस सारखा माझ्या तोंडाकडे बघतो. अहो, बघणारच! एक कान गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे, ओठ बघितल्याशिवाय ह्या माणसाला बोलणं पुरतं कळत नाही. पण हे त्या बाईंना कोण सांगणार? हे मान खाली घालून घरी आले. चोरी न करता चोराचं तोंड घेऊन आले म्हणा ना.

दुसऱ्या वर्षी ह्यांनी घरातला एकूण एक स्क्रू आवळला. दारं, खिडक्या, स्टूल, पंखा, काही सोडलं नाही. मग शेजाऱ्यांची दारं धरली. आमच्या मजल्यावर करकर नावाला उरली नाही. आणि तिसऱ्या वर्षी तेही थांबलं. सकाळी दाढी करायची, कपडे करायचे आणि खिडकीपाशी खुर्चीत बसायचं. बोलणं तर बंदच. ज्याच्या आवाजानं कपाटातली भांडी हलायची, तो माणूस गप्प. मला ती शांतता खायला उठायची. मी भांडण काढायचे, मुद्दाम. "अहो, निदान माझ्यावर तरी ओरडा!" असं एकदा म्हटलंसुद्धा. हे नुसते हसले, तेही कसनुसं.

मी एका दुकानात सामान पुड्यांत भरायला जात होते, त्यावर दोन वेळचं निघायचं. फ्रीज गेला, कपाट गेलं. खोल्यांची अनामत भाड्यात वळती करून संपली, तेव्हा घरमालक स्वतः वर आले आणि फार गोड बोलून सांगून गेले, महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करा. माझ्या दादानं निरोप धाडला, मागची खोली मोकळी आहे, या. दादा देवमाणूस. वहिनीही वाईट नाही, पण तिच्या बोलण्याला खडे असतात. "या हो वन्सं, दाजींनाही जरा आराम मिळेल," असं म्हणाली. आराम! तीन वर्षं आराम करून ज्याचा जीव विटलाय त्याला म्हणे आराम!

तेवढ्यात तारवाला आला. हा आमच्या कारखान्यात तारेची वेटोळी मशीनवर चढवायचा, म्हणून तारवाला. शहराबाहेरच्या नव्या कारखान्यात तो लागला होता. म्हणाला, "खिळे आणि स्क्रू दोन्ही करतात. सेटर पाहिजे त्यांना. मी दाजींचं नाव घातलंय. परवा या." तो माझ्या माहेरच्या गल्लीतला, म्हणून त्याच्याही तोंडी दाजीच.

त्या रात्री मी ह्यांना बजावलं, "एक ऐका माझं. मॅनेजर काय देईल ते घ्यायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आपण अडलोय. हो म्हणायचं आणि यायचं."

"हो म्हणेन," हे म्हणाले.

"आणि हळू बोलायचं."

"हळूच बोलतोय की," हे म्हणाले, आणि शेजारणीनं भिंत वाजवली.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीचं तान्हं बाळ मागून आणलं. झोपलेलं. ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "आता नोकरी मागा. हा उठला तर नापास." मी झाले मॅनेजर. विचारलं, "आधी काय काम करत होता?" ह्यांनी "सेटर" म्हटलं आणि बाळानं असा टाहो फोडला की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. दुपारभर तेच. बाळ झोपवायचं, मांडीवर द्यायचं, नोकरी मागायची. शेवटी हे इतकं हळू बोलायला शिकले की बाळानं झोपेतच अंगठा चोखला. मी म्हटलं, "पास!" तीन वर्षांत त्या घरात आम्ही दोघं पहिल्यांदा पोट धरून हसलो.

ठरल्या दिवशी मीही बरोबर गेले. लोक काय म्हणतील म्हणाल, तर म्हणू देत. नवरा नोकरीला निघालाय आणि बायको घरी नखं चावत बसली, हे माझ्याच्यानं होत नाही.

फाटकातून आत गेलो आणि तो आवाज आला. तोच. आधी पायातून वर येतो, मग छातीत. मी ह्यांच्याकडे बघितलं. खिडकीपाशी बसून पाठीला जो बाक आला होता, तो कुठल्या कुठं गेला. मान ताठ. मला सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले. एवढा देखणा दिसला मला तो माणूस.

मॅनेजर तरुण होता. त्यानं ह्यांना आधी मशीनवरच उभं केलं. एक मशीन आडमुठेपणा करत होतं, खिळ्यांची डोकी तिरकी निघत होती. ह्यांनी पान्हा मागितला, वाकले, दोनदा बंद केलं, दोनदा चालू केलं, आणि तिसऱ्या खेपेला खिळे सरळ पडायला लागले. ह्यात नवल काही नाही, त्यांचं कामच ते. पण मॅनेजरनं पसाभर खिळे उचलून बघितले आणि मान हलवली. लांब उभ्या असलेल्या तारवाल्यानं मला ओठांवरून सांगितलं, "झालं समजा, ताई."

मग ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. केबिन सगळी काचेची. गोंगाट आत येऊ नये म्हणून दार घट्ट, दुहेरी काच. आत मॅनेजर आणि शेजारी हिशेबनीस. मी बाहेर बाकावर, काचेसमोरच.

आणि आमचे हे बोलायला लागले. पण कसे? बाळ मांडीवर असताना बोलायचे तसे! मॅनेजर पुढं वाकला. "काय?" असे त्याचे ओठ हलले. ह्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी हळू. हिशेबनीसही पुढं वाकला. "काका, जरा मोठ्यानं." हे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेरून हातवारे, "अहो, मोठ्यानं! चालेल मोठ्यानं!" ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. शिकवण्या घ्याव्यात तर इतक्याही घेऊ नयेत. शेवटी मॅनेजरनं हात जोडल्यासारखं केलं, थोडा वेळ बाहेर बसा म्हणाला, आणि हे माझ्या शेजारी येऊन टेकले. हात तेलानं काळे झाले होते. रुमाल खिशात होता, पण हात पुसले नव्हते.

आता आत दोघंच. दार बंद. त्यांना वाटलं, कोण ऐकतंय? पण आमच्यासमोर कुणी ओठ हलवले की आम्ही वाचतो. ते वाचायचं नाही असं ठरवता येत नाही, जसं कानावर आलेलं ऐकायचं नाही म्हणता येत नाही तसंच.

हिशेबनीस म्हणाला, "हात चांगला आहे. जुन्या सेटरला देत होतो तेवढं द्यावं लागेल."

मॅनेजर हसला. "कशाला? तीन वर्षं घरी बसलाय. अर्ध्यावर येईल. बायकोला घेऊन आलाय बघा, एवढी गरज आहे."

"आणि नंतर वाढवून मागितलं तर?"

"नंतर कशाला? दोन पोरं हाताखाली देऊ. शिकून तयार झाली की ह्याला नारळ."

मी जागच्या जागी जळले. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या नाकावर राग असतो हे सगळं जग जाणतं. पण त्या वेळी रागाच्या आधी दुसरंच काही आलं. मला दादाची मागची खोली दिसली. तिथलं ते छोटं कपाट, आणि वहिनीचं "या हो वन्सं". महिनाअखेर काय लांब नव्हती. अर्धा पगार का होईना, आमच्या दोन खोल्या वाचत होत्या. काही महिने तरी वाचत होत्या.

हे माझ्याकडे वळले. त्यांनीही वाचलं होतं, सगळंच. मशीनच्या त्या गोंगाटात, आवाज न काढता, त्यांनी मला विचारलं, "काय करू? हो म्हणेन असं कबूल केलंय तुला."

माझ्या ओठांवर "हो म्हणा" आलंच होतं. मीच तर पढवून आणलं होतं त्यांना. पण माझी नजर त्या काळ्या हातांवर गेली. तीन वर्षांनी काळे झालेले हात, आणि हा माणूस ते पुसायला तयार नव्हता. मला कळलं, ह्या हातांना अर्ध्यात विकायचं म्हटलं तर तो विकेल. माझ्यासाठी विकेल, चकार शब्द काढणार नाही. आणि मग पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसेल, नोकरी असूनसुद्धा. मागच्या खोलीत मी राहीन, वहिनीचे खडे निवडून निवडून गिळीन. पण तो गप्प माणूस मला पुन्हा घरात नको होता.

तेवढ्यात काचेपलीकडे हालचाल झाली. मॅनेजर हातानं बोलावत होता. हे उठले, दारापर्यंत गेले आणि वळून माझ्याकडे बघितलं.

मी उभी राहिले. तळहात आडवा धरला आणि छातीसमोरून सपकन नेला.

मशीन बंद.

हे हसले. अहो, कसे हसले म्हणून सांगू! मग आत गेले. मॅनेजरनं खुर्ची दाखवली, हे बसले नाहीत. त्यानं आकडा सांगितला. आणि मग आमच्या ह्यांनी आवाज काढला, आपला स्वतःचा. दुहेरी काच, घट्ट दार, बाहेर मशीनं धडधडताहेत, तरी मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

"साहेब, काम पूर्ण, तर पगार पूर्ण. पोरांना शिकवीन, आनंदानं शिकवीन, मलाही कुणीतरी शिकवलंच होतं. पण शिकवून झाल्यावर नारळ घ्यायला मी येणार नाही. जमत असेल तर सांगा. नसेल तर नाही!"

हिशेबनीसाच्या हातातलं पेन खाली पडलं. मॅनेजरचे ओठ हलले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," हे म्हणाले. "आत्ता."

मॅनेजरनं काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान झुकवून नमस्कार केला. का करू नये? आम्ही काही कुणाशी भांडायला गेलो नव्हतो. त्यानं थोडा विचार केला, हिशेबनीसाशी काहीतरी बोलला, ह्या वेळी तोंडावर हात धरून. मग मान हलवली. नाही जमत. हे म्हणाले, "बरं," आणि बाहेर आले.

मशीनांमधून फाटकाकडे जाताना तारवाल्यानं लांबून ओठांवरून विचारलं, "लागलं काम?"

"नाही म्हणाले," असं सांगायची आम्हाला इतकी सवय झाली होती, की माझे ओठ तसेच हलायला लागले होते. पण ह्यांनी माझ्याआधी सांगितलं.

"आम्ही नाही म्हणालो."

तारवाला वेटोळं खांद्यावर तसंच धरून बघत राहिला. मग त्यानं मोकळ्या हातानं आम्हाला सलाम ठोकला. तीन वर्षं आम्हाला सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. आज पहिल्यांदा तो शब्द आमच्याकडून गेला होता. बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो आणि वाटेत हे सारखे बोलत होते, मोठमोठ्यानं. लोक वळून बघत होते. मी म्हटलं, बघा, बघा, माझा नवरा आहे तो.

महिनाअखेरीला आम्ही दादाकडे गेलो. गोष्टीत असतं तसं ऐनवेळी कुणी धावून आलं नाही. सामान एका हातगाडीत मावलं, आणि खोल्या सोडताना ह्यांनी तिथला शेवटचा सैल स्क्रूही आवळून दिला.

वहिनीनं पाणी दिलं आणि विचारायचं ते विचारलंच. "मग, त्या कारखान्याचं काय झालं हो?"

"आम्ही नाही म्हणालो," मी म्हटलं.

"अगंबाई! नाही म्हणालात? अशा दिवसांत?" वहिनीचे डोळे कपाळात गेले. "लोकांना मिळत नाही आणि तुम्ही..." दादानं तिच्याकडे बघितलं तशी ती थांबली. मग जरा नरम होऊन म्हणाली, "कोपऱ्यावर ते शटर बनवणारे आहेत ना, ते माणूस शोधताहेत. रोजावर. पण दाजींना नाही जमायचं तिथं."

"का?" दादानं विचारलं.

"फार आवाज असतो हो," वहिनी म्हणाली. "दिवसभर पत्रा बडवतात. डोकं उठतं माणसाचं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ह्यांच्याकडे. आणि आम्ही जे हसायला लागलो, की वहिनीला वाटलं आम्ही तिलाच हसतोय. ती फणकारून आत गेली. मी मागाहून जाऊन समजूत काढली. तेवढं करावं लागतं.

"सकाळी जाऊन विचारतो," हे दादाला म्हणाले. "रोज पूर्ण देत असतील तर."

मागची खोली लहान आहे. भिंत म्हणजे नुसती फळी, पलीकडे वहिनीनं सुस्कारा टाकला तरी ऐकू येतो, म्हणजे आमचंही तिकडं जाणार. मी कपाटात कपडे लावत होते. हे त्या टोकाला वळकटीवर बसले होते. काहीतरी हललं म्हणून मी मान वर केली. हे माझ्याकडे बघत होते, तेव्हा कारखान्यात बघायचे तसे. आवाज नाही, नुसते ओठ.

"घर नाही, शिल्लक नाही. चालेल का?"

माझ्या हातातले कपडे तिथंच राहिले. फळीपलीकडे वहिनी कान देऊन असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. मी ह्यांच्याकडे बघून ओठ हलवले, एकेक अक्षर नीट, हॉलच्या त्या टोकाला वाचता येईल असं.

"चालेल काय, पळेल!"